खडकातला तरंग आणि टाचेतला तरंग

लोहारा तालुक्यातल्या एका गावात आरोग्य शिबिर भरले होते. आमच्या एका शिक्षकमित्राच्या आई तिथून परत आल्या त्या हातात एक चिठ्ठी घेऊन. शिबिरात त्यांचा पाय एका लहानशा यंत्रात ठेवला होता. टाचेच्या दोन्ही बाजूंना गार जेल लावले, दोन चकत्या टेकवल्या आणि मिनिटभरात छापील चिठ्ठी बाहेर आली. चिठ्ठीवर तीन-चार आकडे होते आणि शेवटी ‘टी-स्कोअर : उणे २.६’ असे लिहिले होते. शेजारच्या कोणीतरी चिठ्ठी पाहून सांगून टाकले, “मावशी, तुमची हाडं पार ठिसूळ झालीत. जपून राहा.” त्या दिवसापासून आईंनी शेताकडे जाणे बंद केले. पडू या भीतीने त्या ओसरीवरच बसून राहू लागल्या.

मित्र आमच्याकडे चिठ्ठी घेऊन आला. मागोमाग आईही आल्या. त्यांचा प्रश्न सरळ होता : “त्या मशिनीला माझ्या टाचंत काय ऐकू आलं?”

प्रश्न अगदी बरोबर होता. ते यंत्र हाडाचे चित्र काढत नाही आणि हाडातले कॅल्शियम मोजत नाही. टाचेच्या एका बाजूने ते श्राव्यातीत ध्वनी पाठवते, म्हणजे आपल्या कानांना ऐकू येणार नाही इतक्या जास्त वारंवारतेचा ध्वनी. दुसऱ्या बाजूला तो कसा पोचला हे ते ऐकते. तेव्हा चिठ्ठी समजून घ्यायची तर आधी हाडातून ध्वनी जातो कसा हे समजून घ्यायला हवे. हे शोधताना आम्हांला एक गंमत आढळली. या प्रश्नाचे उत्तर देणारे गणित मुळात हाडासाठी मांडलेलेच नव्हते. ते मांडले होते खडकासाठी. धाराशिव जिल्ह्यात राहणाऱ्यांना खडकातून येणारे तरंग काय असतात हे वेगळे सांगावे लागत नाही.

हाडाच्या आतली जाळी

प्रथम हाड पाहू. हाड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येते ते पांढरे, टणक, भरीव कवच. पण ज्यांनी मटणाची नळी फोडून खाल्ली आहे त्यांना ठाऊक असते की नळीच्या मधोमध पोकळी आणि मगज असतो, तर टोकाशी, सांध्याजवळ, हाड आतून जाळीदार असते. या जाळीदार हाडाला सुषिर हाड म्हणतात. आपल्या मणक्यांत, खुब्याच्या सांध्याजवळ, मनगटाशी आणि टाचेत ते भरपूर असते. टाचेचे हाड तर बहुतांश सुषिरच असते. त्याच्यावर भरीव हाडाचे कवच असते, पण अगदी पातळ.

या जाळीतल्या एकेका काडीची किंवा पट्टीची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते. दोन काड्यांमधले अंतर अर्ध्यापासून एक-दीड मिलिमीटरपर्यंत असते. निरोगी माणसाच्या सुषिर हाडातसुद्धा प्रत्यक्ष हाडाचा वाटा थोडा असतो. जागा व वय यांप्रमाणे तो एकूण घनफळाच्या ५ ते ३० टक्क्यांच्या आसपास भरतो. बाकी सारी जागा मगजाने भरलेली असते. मगज म्हणजे चरबी आणि पेशी असलेला दाट, चिकट द्रव.

ज्यांना हाड हाताळणे रुचत नाही त्यांनी वाळलेले घोसाळे घ्यावे. साल काढून बिया झटकल्या की अंग घासायला वापरतो ती जाळी उरते. सुषिर हाडाची याहून सोपी प्रतिकृती आम्हांला सापडली नाही. तिच्याही तंतूंची दिशा ठरलेली असते आणि तिच्यातल्या सगळ्या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात.

हाडातल्या काड्यांची दिशाही उगाच ठरत नाही. ज्या दिशेने भार येतो त्या दिशेने काड्या जास्त आणि जाड होतात. १८६० च्या दशकात हेर्मान फॉन मायर या शरीररचनाशास्त्रज्ञाने खुब्याच्या हाडातल्या या रेषा दाखवल्या. भार पेलणाऱ्या वाकड्या यारीत ताण आणि दाब ज्या रेषांनी वाहतात तशाच या रेषा आहेत, हे कार्ल कुलमान या अभियंत्याने ओळखले. पुढे १८९२ मध्ये युलियुस वोल्फ याने नियम मांडला, की हाड आपल्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःची रचना बदलत राहते. भार कमी झाला की जाळी विरळ होते. ओसरीवर बसून राहिलेल्या आईंच्या बाबतीत हा नियम महत्त्वाचा आहे, म्हणून तो लक्षात ठेवू.

तरंग कशाच्या जोरावर धावतो?

वर्गात हा प्रश्न विचारून पाहा : “ध्वनी कोणत्या माध्यमातून जास्त वेगाने जातो?” बहुतेक मुले उत्तर देतात, “जास्त घनतेच्या.” हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर, पाण्यात सुमारे १४८० मीटर, पोलादात ५००० मीटरच्या पुढे, हे आकडे त्यांना पाठ असतात. त्यावरून हे उत्तर बरोबरच वाटते. मग पाऱ्याचे उदाहरण द्यावे. पारा पाण्याच्या १३.६ पट घन आहे, पण त्यात ध्वनीचा वेग सुमारे १४५० मीटर, म्हणजे पाण्यापेक्षा थोडा कमीच आहे.

याचे कारण असे, की तरंगाचा वेग दोन गोष्टींच्या रस्सीखेचीवर ठरतो. दाबलेला पदार्थ किती जोराने पूर्ववत होऊ पाहतो ही पहिली गोष्ट, म्हणजे त्याचा कडकपणा. हलवायचे वस्तुमान किती ही दुसरी, म्हणजे घनता. कडकपणा भागिले घनता आणि त्याचे वर्गमूळ म्हणजे वेग. कडकपणा वेग वाढवतो, घनता तो कमी करते. पोलादात ध्वनी वेगाने धावतो तो पोलाद जड आहे म्हणून नव्हे, तर जड असूनही फार कडक आहे म्हणून.

आता हाड विरळ झाले तर काय होईल? घनता कमी होईल. नुसती घनता पाहिली तर वेग वाढायला हवा. पण जाळीदार पदार्थाचा कडकपणा घनतेपेक्षा फार झपाट्याने घटतो. ढोबळ मानाने घनता निम्मी झाली की कडकपणा एक-चतुर्थांशावर येतो, कारण काड्या बारीक झाल्या की वाकतात आणि काही तर तुटूनच जातात. त्यामुळे भागाकार घटतो आणि वेगही कमी होतो. टाचेच्या यंत्राचा पहिला आकडा या वेगाचा असतो.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट

घन पदार्थात तरंग दोन प्रकारचे असतात. अनुतरंगात कण तरंगाच्याच दिशेने पुढेमागे होतात, अवतरंगात ते आडवे हलतात. द्रवाला स्वतःचा आकार टिकवायचा नसतो, त्यामुळे आडवे सरकवल्यावर तो परत येत नाही. म्हणून द्रवात अवतरंग जात नाही.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी हे दोन्ही तरंग आमच्या भागाखालच्या खडकातून निघाले. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून माणसे झोपली होती. लातूर जिल्ह्यातले किल्लारी, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले सास्तूर आणि आजूबाजूची अनेक गावे जमीनदोस्त झाली. सुमारे दहा हजार माणसे गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे जड माळवद यांनी बहुतेकांचा जीव घेतला.

पृथ्वीच्या वरच्या कवचात अनुतरंगाचा वेग सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर आणि अवतरंगाचा सुमारे ३.५ किलोमीटर धरू. हैदराबाद किल्लारीपासून सरळ रेषेत सुमारे २१० किलोमीटर आहे. म्हणजे तिथे पहिला तरंग सुमारे ३५ सेकंदांनी आणि दुसरा सुमारे ६० सेकंदांनी पोचणार. मधल्या २५ सेकंदांवरून अंतर काढता येते. पण दहा किलोमीटर खोलीवरून थेट वर येणाऱ्या तरंगांसाठी हाच हिशेब केला तर मधला वेळ जेमतेम सव्वा सेकंद भरतो. झोपलेल्या माणसाला उठून उंबऱ्यापर्यंत जायलाही तो पुरत नाही.

भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी दोन मार्गांनी जमिनीखालचा शोध घेतला. एक मार्ग खोदण्याचा. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीत ६१७ मीटर खोल विवर घेतले. त्यात वरचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, ३३८ मीटर जाडीचा निघाला. त्याखाली गाळाच्या खडकाचा पातळ थर आणि मग अतिप्राचीन स्फटिकी खडक लागला. दुसरा मार्ग ऐकण्याचा, म्हणजे तरंग कुठून, किती वेळात आणि किती क्षीण होऊन आले त्यावरून आतली रचना ओळखण्याचा. हाडाच्या बाबतीतही हेच दोन मार्ग आहेत. हाडाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो, पण त्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागते. नाहीतर तरंग पाठवून ऐकायचे.

खडकासाठी केलेले गणित

ऐकण्यात एक अडचण असते. खडक सच्छिद्र असेल आणि छिद्रांत पाणी किंवा तेल असेल तर त्याला घन समजायचे की द्रव? तेलाच्या शोधात असलेल्यांना हा प्रश्न रोज पडत होता, कारण तेल भूगर्भातल्या तळ्यात साठत नाही, ते खडकाच्या छिद्रांत असते. १९७४ मध्ये सापडलेला मुंबई हायचा साठाही समुद्रतळाखालच्या सच्छिद्र चुनखडीत आहे.

मॉरिस बायो या बेल्जियममध्ये जन्मलेल्या शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये या प्रश्नाचे गणित मांडले. त्याने पदार्थाची कल्पना अशी केली : एक घन सांगाडा, त्यात एकमेकांना जोडलेली छिद्रे आणि छिद्रांत द्रव. सांगाडा आणि द्रव दोघेही हलू शकतात, पण हातात हात घालूनच हलतील असे नाही. गणित सोडवल्यावर एक अनपेक्षित गोष्ट निघाली. अशा पदार्थातून एक अवतरंग तर जातोच, पण अनुतरंग मात्र एक नसून दोन असतात.

पहिल्या अनुतरंगात सांगाडा आणि द्रव एकाच वेळी एकाच दिशेने सरकतात. दोघांचा कडकपणा एकत्र कामी येतो, म्हणून हा जलद तरंग. दुसऱ्यात ते एकमेकांच्या उलट सरकतात. सांगाडा दाबला जातो तिथून द्रव बाहेर पिळला जातो, सांगाडा ताणला जातो तिथे द्रव शिरतो. हा मंद तरंग. अरुंद छिद्रांतून द्रव घासत जातो, त्यामुळे मंद तरंगाची बरीच ऊर्जा उष्णतेत जाते.

हे डोळ्यांनी पाहायचे तर एका पारदर्शक बरणीत मावेल असा स्पंज घ्या आणि बरणीत स्पंज बुडेपर्यंत पाणी भरा. पाण्यात हळदीची चिमूट टाका, म्हणजे प्रवाह दिसेल. वरून तळहाताने स्पंज झटकन दाबा. स्पंज खाली जातो, हळदीचे पाणी वर येते. मंद तरंगात हेच सूक्ष्म प्रमाणात, सेकंदाला लाखो वेळा घडते.

कितीतरी वर्षे हा मंद तरंग कागदावरच राहिला. भूकंपाचे तरंग सेकंदाला एखाद-दोन वेळा किंवा फार तर काही वेळा हेलकावतात. इतक्या सावकाश हालचालीत चिकट द्रव छिद्राच्या भिंतीला धरून तिच्याबरोबरच सरकतो, त्यामुळे उलट हालचाल टिकत नाही. वारंवारता खूप वाढवली की चित्र बदलते. भिंतीलगतचा पातळ थर तेवढा भिंतीबरोबर जातो. मधला द्रव जडत्वामुळे मागे राहतो. म्हणजे मंद तरंग पाहायला श्राव्यातीत ध्वनीच हवा. १९८० मध्ये टॉमस प्लोना याने काचेचे मणी तापवून एकमेकांना चिकटवले, त्यांच्यामधल्या फटींत पाणी भरले आणि त्यातून श्राव्यातीत ध्वनी पाठवला. तेव्हा दोन अनुतरंग वेगवेगळे आलेले दिसले.

आता सुषिर हाडाकडे पुन्हा पाहा. घन सांगाडा, एकमेकांना जोडलेली छिद्रे, छिद्रांत चिकट द्रव. बायोच्या कल्पनेतला खडक तो हाच! १९९७ मध्ये होसोकावा आणि ओतानी या जपानी संशोधकांनी गाईबैलांच्या सुषिर हाडातून श्राव्यातीत ध्वनी पाठवून जलद आणि मंद असे दोन्ही तरंग वेगळे दाखवले. काड्यांच्या दिशेने जाणाऱ्या जलद तरंगाचा वेग सेकंदाला २००० मीटरच्या पुढे भरतो. मंद तरंग मात्र पाण्यातल्या वेगाच्या आसपास किंवा त्याच्या खालीच राहतो. हाड जितके दाट तितका जलद तरंग जोरकस आणि मंद तरंग दुबळा. हाड विरळ झाले की उलटे होते. सांगाडा आणि मगज यांचा हिशेब असा तरंगांच्या जोडीतून कळू शकतो.

आमच्या भागातल्या विहिरींत सापडणारा बुडबुड्यांच्या खळग्यांचा मांजऱ्या खडक दिसायला हाडासारखाच वाटतो. पण त्याचे बुडबुडे बहुधा सुटे असतात आणि कित्येक पांढऱ्या खनिजाने भरून गेलेले असतात. भेगा नसतील तर पाणी एका बुडबुड्यातून दुसऱ्यात जात नाही. तेव्हा छिद्रे असणे पुरेसे नाही, ती जोडलेली असायला हवीत.

उभे तंतू, आडवे तंतू

जलद तरंगाला वाट हवी असते ती काड्यांची. तरंग काड्यांच्या दिशेने पाठवला तर सांगाडा त्याला सरळ पुढे नेतो, दोन तरंगांतले अंतर वाढते आणि ते वेगळे ओळखू येतात. काड्यांना आडवा पाठवला तर सांगाड्याचा कडकपणा कमी पडतो. मग दोन्ही तरंग जवळजवळ एकाच वेळी पोचतात आणि एकमेकांत मिसळतात.

टाचेच्या यंत्रात ध्वनी आतल्या घोट्याच्या बाजूने बाहेरच्या बाजूकडे जातो, कारण चकत्या टेकवायला तीच जागा सोयीची आहे. टाचेतल्या काड्या मात्र बऱ्याच अंशी शरीराचा भार आणि शिरांची ओढ पेलण्यासाठी उभ्या-तिरप्या असतात. म्हणजे ध्वनी त्यांना आडवा जातो. त्यामुळे यंत्राला दोन तरंग वेगळे दिसत नाहीत, दोघांचे मिश्रण दिसते. चिठ्ठीवरचा वेग हा त्या मिश्रणाचा वेग असतो. टाचेसाठी तो साधारण सेकंदाला १४५० ते १६५० मीटरच्या दरम्यान येतो.

संबळ आणि भिंत

यंत्राचा दुसरा आकडा क्षीणनाचा, म्हणजे ध्वनी वाटेत किती कमजोर झाला याचा. तुळजापुरात गोंधळ्यांचे संबळ ऐकले असेल. संबळ म्हणजे जोडलेले दोन डग्गे, एकाचा आवाज उंच आणि दुसऱ्याचा खर्जातला. समोर उभे राहिले तर दोन्ही कडाडून ऐकू येतात. पण खोलीचे दार लावून घेतले की उंच आवाज हरवतो आणि खर्जाचा घुमारा तेवढा आत येतो. भिंत सगळ्या वारंवारतांना सारखी वागवत नाही.

हाडाचेही तसेच आहे. ध्वनीची काही ऊर्जा मगजाच्या घासण्यात आणि हाडात शोषली जाते. काही काड्यांवर आपटून इकडेतिकडे विखुरते. वारंवारता वाढेल तसे हे नुकसान वाढते. १९८४ मध्ये लँग्टन, पामर आणि पोर्टर या ब्रिटिश संशोधकांनी टाचेतून ०.२ ते ०.६ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यातल्या वारंवारता पाठवल्या आणि प्रत्येकीचे क्षीणन मोजले. आलेख काढला तर तो जवळपास सरळ रेषेत येतो. त्या रेषेचा चढ हाच चिठ्ठीवरचा दुसरा आकडा. त्याचे एकक डेसिबेल प्रति मेगाहर्ट्‌झ.

इथे विद्यार्थ्यांचा एक गोंधळ होतो. त्यांना वाटते की चांगल्या हाडातून ध्वनी चांगला पार जाईल. होते उलटे. दाट जाळी ध्वनीला जास्त अडवते, विरळ जाळी त्याला सहज सोडते. थोडक्यात, हाड विरळ झाले की ध्वनी सावकाश जातो, पण कमी थकून जातो.

पोटाच्या सोनोग्राफीत २ ते १० मेगाहर्ट्‌झच्या वारंवारता वापरतात, मग टाचेसाठी अर्ध्या मेगाहर्ट्‌झची का? हिशेब करू. वेग सेकंदाला १५०० मीटर आणि वारंवारता ५ लाख धरली तर तरंगलांबी ३ मिलिमीटर येते. ती काडीच्या जाडीच्या तीसपट आहे, म्हणून असा तरंग काड्यांना फारसे न अडखळता वळसा घालून जातो. आता समजा क्षीणनाचा चढ ६० आहे. अर्ध्या मेगाहर्ट्‌झला क्षीणन ३० डेसिबेल, म्हणजे ऊर्जा हजारांश उरली. ती मोजता येते. हाच चढ कायम धरला तर ५ मेगाहर्ट्‌झला क्षीणन ३०० डेसिबेल होईल, म्हणजे एकावर तीस शून्ये एवढ्या भागांतला एक भाग उरेल. पलीकडे ऐकायला काहीच राहणार नाही.

चिठ्ठी पुन्हा वाचू या

आता आईंची चिठ्ठी घेऊ. पहिली गोष्ट, आकडे किती नाजूक आहेत ते पाहा. टाच ४ सेंटिमीटर रुंद धरली आणि वेग सेकंदाला १६०० मीटर असला तर ध्वनीला २५ मायक्रोसेकंद लागतात. वेग १५०० असला तर सुमारे २६.७. सारा फरक सेकंदाच्या दहालाखाव्या भागाच्या पावणेदोनपटीएवढा. पायाला सूज असली, पाय गार पडलेला असला, जेल कमी पडले किंवा टाच जरा पुढेमागे ठेवली तरी आकडा हलतो. शिबिराच्या घाईत हे सगळे सांभाळले जातेच असे नाही.

दुसरी गोष्ट, आकडा एकट्या हाडाचा नाही. त्यात हाडाचे प्रमाण, काड्यांची दिशा आणि मगजातली चरबी हे सारे मिसळलेले आहे. चरबीत ध्वनी पाण्यापेक्षा सावकाश जातो आणि वय वाढते तसे मगजातली चरबीही वाढते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. टी-स्कोअर म्हणजे तरुण निरोगी व्यक्तींच्या सरासरीपासून आपला आकडा किती प्रमाण-विचलने दूर आहे ते. उणे २.५ किंवा त्याखाली गेले की अस्थिसुषिरता समजावी, ही रेषा जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये दिली. पण ती मुख्यतः खुबा आणि मणक्यांच्या क्ष-किरण तपासणीसाठी आहे. या तपासणीला डेक्सा म्हणतात. त्यात दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण वापरून हाडातल्या खनिजाची घनता काढतात. टाचेतल्या ध्वनीच्या आकड्याला तीच रेषा लावता येत नाही. गजाने मोजलेले कापड मीटरच्या भावाने विकण्यासारखे ते होईल.

मग टाचेची तपासणी निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. फ्रान्समध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्या हजारो स्त्रियांची अशी तपासणी करून त्यांच्यावर पुढे लक्ष ठेवण्यात आले. ज्यांच्या टाचेचे आकडे कमी होते त्यांच्यात खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण जास्त निघाले. हा अभ्यास १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेत १९९८ पासून या यंत्रांना मान्यता आहे. डेक्साचे यंत्र मोठे आणि महाग असते, ते बहुधा मोठ्या शहरांतच असते. टाचेचे यंत्र पेटीत घालून गावोगाव नेता येते आणि त्यात क्ष-किरणही नसतात. तेव्हा कोणाला पुढच्या तपासणीला पाठवायचे हे ठरवण्यासाठी ते उपयोगी आहे. पण ती चाळणी आहे, निदान नव्हे.

आम्ही आईंना एवढेच सांगितले : “आई, मशीनला तुमच्या टाचेत आवाज जरा सावकाश गेल्याचं ऐकू आलं. त्याचं कारण हाड विरळ असणं हे असू शकतं, पण तेवढ्यानं ठरत नाही. डॉक्टरांना दाखवा. ते सांगतील ती तपासणी करू.” आणि वोल्फचा नियमही सांगितला, अर्थात त्याचे नाव न घेता. हाडावर भार येत राहिला तरच हाड टिकते. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर चालणे सोडू नये. जपायचे ते पडण्यापासून. न्हाणीतले शेवाळ घासावे, रात्री उंबऱ्याशी दिवा असावा, झिजलेली चप्पल बदलावी. आईंनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “म्हंजे बसून राहिले तर आणखीच पोकळ व्हायचं!” नियमाचा याहून चांगला सारांश आम्हांला करता आला नसता. सध्या त्या काठी घेऊन सकाळी बांधापर्यंत जातात. डॉक्टरांची तपासणी व्हायची आहे.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. शेळीच्या मांडीच्या हाडाचे टोक खाटकाकडून उभे कापून घ्या. शिक्षकांनी ते धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळून, स्वच्छ धुऊन उन्हात वाळवावे. भिंगातून जाळी पाहा, काड्यांची दिशा काढून ठेवा. जाळीवर शाईचे थेंब टाका आणि शाई कुठवर झिरपते ते पाहा. शेजारी मांजऱ्या खडकाचा तुकडा ठेवून त्यावरही हेच करा.

२. वाळलेल्या घोसाळ्याचा वीतभर तुकडा घ्या. एकदा लांबीच्या दिशेने आणि एकदा आडवा दाबा. कोणत्या दिशेने तो जास्त कडक वाटतो? तरंग कोणत्या दिशेने जास्त वेगाने जाईल?

३. पंधरा मुले एकामागे एक, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी करा. हा सांगाडा. प्रत्येक दोघांच्या मध्ये, रांगेच्या जरा बाजूला, एक मूल सुटे उभे करा. हा मगज. शेवटच्या मुलाने हलका धक्का द्यावा. प्रथम सुट्या मुलांनी रांगेबरोबर पुढे सरकावे, मग दुसऱ्या खेपेस उलट सरकावे. जलद आणि मंद तरंगांतला फरक मुलांना पायांनी कळेल.

४. आपले गाव किल्लारीपासून सरळ रेषेत किती दूर आहे ते नकाशावर मोजा. १९९३ च्या त्या पहाटे तिथे दोन तरंग किती सेकंदांच्या अंतराने पोचले असतील ते काढा. मग हाच हिशेब ४ सेंटिमीटर रुंदीच्या टाचेसाठी करा. जलद तरंगाचा वेग २००० आणि मंद तरंगाचा १४५० मीटर धरा. दोन उत्तरे शेजारी-शेजारी लिहा.

चौथ्या उदाहरणात गावागावाप्रमाणे सेकंदांचा आकडा निराळा येईल आणि टाचेचा सुमारे साडेसात मायक्रोसेकंद. उत्तरांत लाखो पटींचा फरक पडला तरी मांडणी एकच आहे, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे. घरी आजीची अशी चिठ्ठी असेल तर मुलांनी ती वर्गात आणावी. ती वाचायला आता त्यांना भीती वाटू नये.